वैशाखातला कॅमेरा

फेब्रुवारी सरला की पुण्या-मुंबईकडचे बरेच पक्षीछायाचित्रकार कॅमेऱ्याची बॅग कपाटात ठेवून देतात. पट्टकादंब हंसांचे थवे उत्तरेकडे निघालेले असतात, धोबी आणि तुतारी जायच्या तयारीत असतात, आणि नऊ-दहा वाजताच ऊन चटके देऊ लागतं. आता पुढचा हंगाम दिवाळीनंतर, असं म्हणून माणसं मोकळी होतात. मला हे पटत नाही. हिवाळ्यात आपण पाहुणे पाहतो. इथेच अंड्यातून बाहेर पडणारे आणि इथेच आयुष्य काढणारे पक्षी कसे जगतात हे बघायचं असेल, तर फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांसारखा काळ नाही.

त्याची कारणं सरळ आहेत. पानगळ झालेली असल्यामुळे एरवी पाल्यात दडणारा पक्षी उघड्या फांदीवर दिसतो. ओढे आटल्यामुळे पाणी मोजक्या जागी उरतं आणि पक्ष्याला तिथे यावंच लागतं. शिवाय पुष्कळ राहत्या पक्ष्यांची वीण याच दिवसांत असते. थंडीत गप्प असलेला दयाळ मार्चपासून पहाटे गच्चीच्या कठड्यावर बसून गाऊ लागतो, शिंजीर नराच्या अंगावर निळा-जांभळा चमकदार रंग चढलेला असतो, माळावर डोंबारी नर हवेत वरखाली झेपा घेत मादीपुढे कसरती करतो. छायाचित्रकाराला याहून काय हवं? पण याच तीन गोष्टींमुळे पक्षी वर्षातल्या सगळ्यात नाजूक अवस्थेत असतो. आडोसा नाही, पाणी थोडं, आणि जमिनीवर किंवा ढोलीत अंडी-पिल्लं. उन्हाळ्यातलं छायाचित्रण शिकायचं म्हणजे या दोन्ही बाजू एकदमच शिकाव्या लागतात. कॅमेऱ्याची बटणं त्या मानाने लवकर येतात.

सुरुवात पाण्यापासून करावी. पक्ष्यांच्या अंगाला घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचं तापमान मुळातच 40 ते 42 अंशांच्या दरम्यान असतं, त्यामुळे बाहेर पारा चाळिशीला गेला की उष्णता टाकायला त्यांच्याकडे धापण्याखेरीज फारसे उपाय उरत नाहीत. चोच उघडी ठेवून, गळा थरथरवत ते आतला ओलावा वाफेच्या रूपात बाहेर टाकतात आणि थंड होतात. दुपारी टिपलेल्या उघड्या चोचीच्या कितीतरी फोटोंखाली ‘गाणारा पक्षी’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्यातले बरेच पक्षी गात नसतात, धापत असतात. धापण्यात गेलेलं पाणी परत मिळवायला पाणवठा लागतो. त्यातही दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांची गरज मोठी. किडे किंवा फळं खाणाऱ्याला अन्नातून थोडंफार पाणी मिळतं. चिमण्या, मुनिया, होले, पखुर्ड्या यांना कोरड्या दाण्यातून ते मिळत नाही. म्हणून पाणवठ्यावर त्यांची हजेरी नेमाने लागते.

पाणी पिण्याची तऱ्हाही पाहून ठेवावी, कारण फोटोचा क्षण तिच्यावर ठरतो. होला किंवा कबूतर चोच पाण्यात बुडवतं आणि मान वर न करता सलग ओढून घेतं. बुलबुल, चिमणी, दयाळ चोचीत घोट घेतात आणि मान वर करून तो घशात सोडतात. मान वर गेली की चोचीच्या टोकाशी थेंब लोंबतो, डोळ्यात उजेड पडतो, आणि नेमका तोच फोटो हवा असतो. वेडा राघू आणि पाकोळ्या तर उडता उडताच पाण्याला स्पर्श करून जातात. त्यांच्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा मंद ठेवून चालत नाही. आंघोळ करणाऱ्या पक्ष्याचे उडणारे थेंब गोठवायलाही तेवढाच वेग लागतो. नुसता बसलेला पक्षी पाचशेव्या भागातही नीट येतो, आणि वेग कमी ठेवल्यामुळे आयएसओ खाली राहून पिसांचा पोत चांगला उतरतो.

पुण्याच्या मंडळींना सिंहगडाच्या पायथ्याचं खोरं परिचयाचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या ओढ्यात थोडी डबकी उरतात आणि त्यांच्यावर दिवसभर वर्दळ असते. नीलांग माशीमार परतीच्या प्रवासाआधी अंघोळीला येतो, कस्तुर पानांच्या कचऱ्यातून पाण्याकडे उतरतो. आणि ज्याच्यासाठी लोक तासन्‌तास बसतात तो स्वर्गीय नर्तक! पूर्ण वाढलेल्या नराच्या शेपटीतली दोन पिसं फूटभर लांब होतात. पाण्यावर झेप घेऊन तो परततो तेव्हा ती फितीसारखी मागून वळतात. ही लांब शेपटी यायला नराला दोन-तीन वर्षं जावी लागतात, आणि तांबूस रंगाचा नर व पांढरा नर हे दोन्ही एकाच जातीचे असतात. नवख्याला ते दोन वेगळे पक्षी वाटतात. अशा डबक्यावर एकाच्या जागी वीस माणसं बसली की काय होतं तेही तिथेच दिसतं. पक्षी येतो, फांदीवर थांबतो, पाण्याकडे पाहतो आणि न पिताच मागे फिरतो. एखादा धीट बुलबुल पिऊन जातो, लाजाळू कस्तुर जात नाही. डबक्यापाशी आधीच गर्दी असेल तर त्या दिवशी तिथे बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरं डबकं बहुधा असतंच.

पाणवठ्यावर बसायचं ते पाण्याला चिकटून नाही. पंधरा-वीस पावलं मागे, झुडपाच्या किंवा दगडाच्या आडोशाला, मळकट कपड्यांत, आणि जमेल तितकं खाली. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आला की मागची जमीन दूर जाऊन पुसट होते आणि पक्षी उठून दिसतो. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि मातीच जास्त येते. पोटावर पालथं झोपून फोटो काढणाऱ्यांचा मूग किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सरंजाम आहे. भिंग तिच्यावर टेकवलं की ट्रायपॉडची गरज राहत नाही, आणि गाडीच्या खिडकीवरही ती तितकीच कामाला येते.

आता उजेडाचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सूर्य फार लवकर फार वर चढतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यावर आणि शेवटच्या आठवड्यात नागपुरावर तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच सामावते. पक्ष्याच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पाठ लख्ख उजळते आणि डोळा, गळा, पोट काळ्या सावलीत जातात. डोळ्यात उजेडाचा ठिपका नसलेला पक्षी फोटोत निर्जीव दिसतो, मग भिंग कितीही महाग असो. म्हणून पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो तेव्हा तुम्ही जागेवर बसलेले असायला हवं. साडेआठपर्यंतचा उजेड तुमचा, आणि मग संध्याकाळी साडेपाचनंतरचा. मधला वेळ पाहण्यात, टिपणं करण्यात घालवावा. एक अपवाद आहे. फिकट मुरमाच्या किंवा वाळूच्या जमिनीवर ऊन खालून परत उसळतं आणि पक्ष्याच्या पोटाखालची सावली भरून निघते. माळावरच्या धाविकाचा किंवा नदीकाठच्या सुरयाचा फोटो म्हणून थोडा उशिरापर्यंतही निभावतो.

कॅमेऱ्याचा उजेडमापक समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं असावं अशा हिशेबाने चालतो. काळ्याभोर कोतवालाला तो राखाडी करून ठेवतो आणि गडद पाण्यासमोरच्या पांढऱ्या बगळ्याचा तपशील जाळून टाकतो. काळ्या पाण्यावरच्या बगळ्यासाठी उजेड एक पायरी कमी करावा, आणि पांढुरक्या आकाशासमोर बसलेल्या पक्ष्यासाठी एक ते दीड पायरी वाढवावा. उन्हाळ्यातलं आकाश निळं क्वचितच असतं, धुळीने ते पांढरट झालेलं असतं, त्यामुळे ही वाढ विसरली की हातात नुसती काळी आकृती उरते.

उन्हाळ्यातला सगळ्यात फसवा शत्रू मात्र वेगळाच आहे. नऊनंतर माळरानावरून काढलेले फोटो घरी येऊन पाहावेत तर सगळे किंचित लिबलिबीत. फोकस बरोबर असतो, हात हललेला नसतो, तरी पिसाची कड धारदार येत नाही. पुष्कळ लोक भिंगाला दोष देतात, ते दुरुस्तीला पाठवतात. दोष हवेचा असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढते, तिच्यात थंड हवा मिसळते, आणि प्रत्येक थरातून प्रकाश थोडा वेगळा वाकतो. दुपारच्या डांबरी रस्त्यावर जे पाणी असल्याचा भास होतो, त्याच जातीची ही करामत. 600 मिलिमीटरच्या भिंगातून लांबच्या पक्ष्याकडे पाहताना ती कित्येक पटींनी मोठी होऊन दिसते. यावर कोणतंही महागडं भिंग उपाय नाही. अंतर कमी करणं, सकाळची वेळ साधणं आणि तापलेल्या जमिनीऐवजी पाण्यावरून किंवा ओल्या गवतावरून फोटो घेणं, एवढंच हाती असतं. गाडीतून फोटो घेताना तर एसी चालू ठेवून काच खाली केली की भिंगासमोरच गार आणि गरम हवेची घुसळण होते. एसी आणि इंजिन बंद करावं, सगळ्या काचा उघडाव्यात, आतली-बाहेरची हवा सारखी होऊ द्यावी आणि मगच कॅमेरा उचलावा. हे साधं पथ्य पाळल्यावर आपल्याच भिंगावर विश्वास बसतो.

गाडी हे माळरानावरचं उत्तम लपण आहे. चालत्या माणसाला पाहून धाविक शंभर मीटरवर पळू लागतो. हळू येऊन थांबलेल्या गाडीकडे तो फारसं लक्ष देत नाही. मात्र गाडी मळलेल्या वाटेवरच राहिली पाहिजे. पुणे जिल्ह्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं, पण माळपक्ष्यांच्या दृष्टीने फार मोलाचं. तिथल्या आणि आसपासच्या गवताळ माळांवर उजाडल्यावर तास-दोन तासांनी पखुर्ड्या पाण्यावर येतात. आधी आवाज येतो, मग वेगाने उडणारा लहान थवा दिसतो, एक-दोन घिरट्या होतात आणि पक्षी पाण्यापासून थोडे लांब उतरतात. तिथून चालत येतात, काही सेकंद पितात आणि उडून जातात. सगळा कार्यक्रम एवढ्या थोडक्यात आटोपतो की आधीपासून तयार असलेल्यालाच तो मिळतो. या कुळातल्या नरांच्या पोटाची पिसं पाणी शोषून धरण्यासाठी खास घडलेली असतात. नर पोट भिजवून उडत जातो आणि पिल्लं त्या ओल्या पिसांतून पाणी चोखतात. आफ्रिकेतल्या पखुर्ड्यांवरच्या अभ्यासाने 1967 मध्ये हे नीट सिद्ध झालं. त्याआधी कित्येक वर्षं लोकांना ती दंतकथा वाटत होती. पाण्यावर आलेल्या पखुर्डीला आपण उठवलं तर कदाचित मैलभर दूर बसलेल्या पिल्लाचं पाणी आपण तोडतो, हे मनात ठेवावं.

माळावर चालताना टिटवीकडे लक्ष ठेवा. टिटवी आणि डोळ्यांपुढे पिवळी कातडी लोंबणारी तिची बहीण माळटिटवी, दोघी उघड्या जमिनीवर खड्यांच्या खळग्यात बहुधा चार अंडी घालतात. अंडी आणि माती यांत फरक कळत नाही. उन्हाळ्यात या पक्ष्यांचं मुख्य काम अंडी उबवण्याचं नसून ती थंड ठेवण्याचं असतं. वाढत्या गर्भाला साधारण 36 ते 40 अंश मानवतात, आणि मे महिन्यात दुपारी उघडी जमीन 50 अंशांच्या पुढे जाते. म्हणून पक्षी अंड्यांवर उभा राहून स्वतःची सावली धरतो, आणि टिटवी पाण्यात जाऊन पोट भिजवून येते व अंड्यांना ओलावा देते. आता कल्पना करा, आपण कॅमेरा घेऊन तिथे थांबलो आहोत आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते आहे. आपल्याला झेपेचे सुंदर फोटो मिळतात. खाली अंडी उन्हात भाजत असतात. थंडीतल्या घरट्यावरून पक्षी उठला तर अंडी हळूहळू गार होतात, भर उन्हात ती काही मिनिटांत हातची जातात. टिटवी ओरडू लागली की पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन पाहावी आणि आल्या वाटेने मागे फिरावं. पंख मोडल्यासारखा लंगडत जाणारा रातवा किंवा टिटवी दिसली, तर पिल्लं जवळपास पायाखालीच आहेत असं समजावं. तो अभिनय आपल्याला दूर नेण्यासाठी असतो. कॅमेरा न उचलता त्याचा मान राखावा.

घरट्यांच्या फोटोंचा प्रश्न इथेच येतो, आणि त्याचा इतिहास माहीत असलेला बरा. पक्षीछायाचित्रणाची सुरुवातच घरट्यापासून झाली. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी 1892 मध्ये अंड्यांसह घरट्याचा फोटो घेतला, आणि पुढे बैलाचं कातडं चढवलेल्या पोकळ सांगाड्यात बसून पक्षी टिपले. त्या काळच्या काचा आणि भिंगं इतकी मंद होती की पक्षी हमखास परत येईल अशी जागा हवी असे, आणि तशी जागा म्हणजे घरटं. एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकाराने 1937 मध्ये घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमावला, तोही त्याच्या घरट्यापाशीच. भारतात ई. एच. एन. लोथर यांचं ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक 1949 मध्ये आलं. त्या पिढीचं बरंचसं काम घरट्यांवरच उभं आहे. त्यांना दुसरा मार्ग नव्हता. आज साध्या कॅमेऱ्यालाही पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरता येतो, सेकंदाला दहा-वीस फोटो घेता येतात, बटण दाबण्याच्या अर्धा सेकंद आधीची चित्रंही काही कॅमेरे साठवून ठेवतात. त्यामुळे छंद म्हणून फोटो काढणाऱ्याला घरट्यापाशी जाण्याचं कोणतंही कारण उरलेलं नाही. कायदाही तेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणंही येतं. घरट्यासमोरची फांदी ‘फ्रेम मोकळी व्हावी’ म्हणून तोडणारा माणूस बंदूक हाती न घेताच त्या व्याख्येत बसतो. फांदी तोडली की सावली जाते आणि कावळ्याला, शिक्ऱ्याला वाट दिसते.

मग विणीच्या काळात काय टिपायचं? पुष्कळ काही. राखी धनेशाचं उदाहरण घ्या. हा पक्षी पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या झाडांवरही आढळतो. मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. कित्येक आठवडे ती आणि मग पिल्लं नराच्या भरवशावर असतात. नर वड-पिंपळ-उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो आणि ढोलीशी एकेक काढून फटीतून देतो. ढोलीखाली गर्दी असली तर तो लांबच्या फांदीवर थांबून राहतो, आणि आत सगळे उपाशी राहतात. पण ज्या वडावर तो फळं तोडतो तिथे त्याचे फोटो कितीही घ्यावेत. लांब चोचीत धरलेलं लालबुंद फळ, ते हवेत उडवून गिळण्याची लकब, सगळं तिथे मिळतं. तेच वेड्या राघूचं. तो एकाच काठीवरून उडतो, माशी धरतो आणि त्याच काठीवर परततो. मधमाशी असेल तर नांगी काढायला तिला काठीवर घासतो. रिकाम्या काठीवर फोकस धरून बसलं की तो परत येतानाचा, पंख पसरलेला क्षण मिळतो. त्याच्या बिळापाशी जायची गरजच नाही.

फळाफुलांची झाडं म्हणजे उन्हाळ्यातला तयार रंगमंच. मार्चमध्ये पळस आणि पांगारा फुलले की शिंजीर, मैना, कोतवाल, बुलबुल सगळे मधाला येतात. भोरड्यांचे थवे मध्य आशियाला परतण्याआधी इथेच पोट भरतात. त्यांना काही गावांत पळसमैना म्हणतात, आणि ते नाव का पडलं हे एका सकाळीत कळतं. एप्रिल-मेमध्ये उंबर आणि वड पिकले की हरियाल येतात. आपला हा राज्यपक्षी हिरव्या पानांत इतका मिसळतो की आधी फळं पडताना दिसतात, मग पक्षी. झाडाच्या खाली उभं राहून वर भिंग रोखलं तर पोट आणि आकाशच मिळतं. जवळच्या टेकडीवर किंवा इमारतीच्या जिन्यात उभं राहून झाडाच्या माथ्याच्या पातळीवर आलात तर फोटोला अर्थ येतो. शहरातल्या माणसासाठी ही सगळ्यात सोपी सफर आहे. गच्चीत मातीचं उथळ परळ ठेवून, रोज पाणी बदलून, शेजारी एक वाळकी फांदी उभी केली तरी आठवड्याभरात बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला यांची ये-जा सुरू होते.

भिगवणचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. भीमेवरच्या उजनी धरणाचं मागचं पाणी पुणे-सोलापूर रस्त्यालगत कुंभारगाव, डिकसळ या गावांपर्यंत पसरलं आहे, आणि रोहित पक्ष्यांमुळे ते महाराष्ट्रभर माहीत झालं. हिवाळ्यात तिथे गाड्यांची रांग असते. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर वर येतं, गाळाची बेटं उघडी पडतात. याच बेटांवर नदी सुरय आणि छोटे आर्ली अंडी घालतात. पिवळ्या चोचीचा सुरय मासा घेऊन मादीला भरवतो तो प्रणयाचा प्रसंग होडीतून, बेटापासून लांब राहून, फार सुंदर मिळतो. होडी बेटाला टेकवू नका, कोणी टेकवत असेल तर नको म्हणा. तिथले नावाडी मच्छीमार घरांतले, पाण्यावर वाढलेले आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांना पक्ष्यांची नावं आणि सवयी उत्तम ठाऊक आहेत. आपण ‘जरा जवळ घ्या’ असा तगादा लावला की ते नाइलाजाने घेतात. रोहितांच्या थव्यात होडी घालून त्यांना उडवण्याची हौस तर पूर्णपणे सोडली पाहिजे. या पक्ष्याला उडायला पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो, आणि परतीच्या लांब प्रवासासाठी जमवलेली चरबी त्यात जळते.

दुसरी सवय मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची. नराला वाटतं, आपल्या हद्दीत परका नर शिरला. तो खाणं, पिल्लांना भरवणं सोडून त्याला शोधत फिरतो. मेअखेर दक्षिणेकडून येणाऱ्या नवरंगाची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ आपणहून ऐकू येते. थोडं थांबलं की पाचोळा उसकटणारा पक्षीही दिसतो. जूनच्या तोंडाला कोकणातल्या ओढ्यांवर येणारा, जेमतेम 13 सेंटिमीटरचा तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करतो आणि त्याच्या एकेका बिळासमोर माणसांची रांग लागते. आणि रानपिंगळा! 1884 नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा कुणालाच मिळाला नव्हता. तो नामशेष झाला असं धरलं जात होतं. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा दिसला. पुढे मेळघाटात आणि मुंबईजवळच्या तानसातही तो आढळला. एवढ्या थोड्या जागी उरलेल्या पक्ष्याला एका फोटोसाठी खोट्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजवणं हा अन्याय आहे. आवाज वाजवून मिळालेला फोटो मी चांगला मानत नाही, तो कितीही धारदार असो.

स्वतःची काळजी थोडक्यात सांगतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, अत्तर अजिबात नाही, कारण उन्हाळ्यात आग्यामोहोळं जागोजागी असतात. दगडाआड बसण्याआधी काठीने जागा चाचपावी. काळा कॅमेरा उन्हात उघडा ठेवू नये, बंद गाडीत तर मुळीच नाही. पांढरा पंचा त्याच्यावर टाकला तरी पुरतं. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनखात्याची परवानगी आणि शुल्क लागतं, ते आधी विचारून घ्यावं.

आणि फोटो घरी आल्यावर काय? तारीख, वेळ, गावाचं नाव आणि पक्षी काय करत होता, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात 942 जातींचा आढावा आहे, आणि तो सामान्य पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेल्या तीन कोटींच्या आसपास निरीक्षणांवर उभा आहे. आपल्या तारांवर, शेताच्या बांधावर दिसणारा, उन्हाळ्यात हवेत कोलांट्या मारणारा नीलपंख कमी होतो आहे, हे त्या नोंदींमुळेच ठळकपणे समोर आलं. एकाच पाणवठ्यावर दर उन्हाळ्यात काढलेले साधे फोटो दहा वर्षांनी अभ्यासकाला जेवढं सांगतील, तेवढं लांबच्या अभयारण्यातला एखादा बक्षिसपात्र फोटो सांगणार नाही. घरट्याची जागा मात्र कुणालाही कळवू नका, समाजमाध्यमांवर तर नाहीच. या वैशाखात घरापासून सायकलने जाता येईल असा एक ओढा, एक वड किंवा एक माळ निवडा, उजाडायच्या आधी तिथे पोहोचा, आणि नऊ वाजले की पक्ष्यांची जागा पक्ष्यांना सोडून परत या.